बेटावरचा किल्ला, बंद पडलेली होडी आणि चार दिवसांची रहस्यकथा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्हाला कोझी मिस्टरी लिहायची आहे. म्हणजे रक्ताचा सडा नसलेली, घरगुती वातावरणातली, पोलिसांऐवजी एखाद्या साध्या माणसाने उकललेली रहस्यकथा. स्कॉटलंडजवळचं दूरचं बेट, त्यावर कॅसल, वादळ, आठ पाहुणे आणि एक खून अशी चाळीस पानं लिहून झाली आहेत, पण वाचताना सगळं उसनं वाटतंय. कथा सिंधुदुर्गावर आणावी का? आणि आजच्या मोबाइलच्या काळात बेट जगापासून तुटलंय हे वाचकाला कसं पटवायचं?

मी गेली पंचवीस वर्षं दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहितेय आणि त्यातली बरीच वर्षं नव्या लेखकांची हस्तलिखितंही वाचतेय. माहेर मालवणचं. त्यामुळे दोन्ही अंगांनी उत्तर देते. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, बेटावरची रहस्यकथा ही होडीच्या वेळेची गोष्ट असते. होडी कधी लागते, कधी सुटते, कोणाची आहे, कोणाला मिळत नाही, एवढं पक्कं झालं की निम्मं कथानक आपोआप उभं राहतं. तुमच्या चाळीस पानांत होडी फक्त पहिल्या पानावर आहे. पाहुण्यांना उतरवते आणि नाहीशी होते. उसनेपणा तिथून सुरू होतो.

आधी स्कॉटलंडचं बघू, कारण तिथली कथा मराठीत लिहू नये असं माझं मुळीच मत नाही. हेब्रिडीज या बेटसमूहातलं रम नावाचं बेट घ्या. तिथे किनलॉक कॅसल आहे. इंग्लंडमधल्या एका धनाढ्य गिरणीयंत्रवाल्या घराण्यातल्या जॉर्ज बुलो यांनी तो 1897 ते 1900 या काळात बांधला. लाल वाळूचा दगड समुद्रमार्गे आणला, आणि आत ऑर्केस्ट्रियन नावाचं, अख्ख्या वाद्यवृंदासारखं आपोआप वाजणारं प्रचंड वाद्य बसवलं. बेटावर वस्ती म्हणाल तर काही मोजकी माणसं. मॅलेग बंदरातून फेरी येते, हवा बिघडली की येत नाही. इतकं सगळं तयार असताना तुमच्या कथेत निनावी कॅसल, निनावी बेट आणि 'दूरवर कुठेतरी गरजणारा समुद्र' आहे. शिवाय दोन ठिकाणी वाचक अडेल. जूनमधल्या रात्री आठ वाजता तुम्ही मिट्ट काळोख केलाय. तिथे जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. आणि मृत्यूची चौकशी करायला तुम्ही कॉरोनर आणलाय. तो इंग्लंडमध्ये असतो. स्कॉटलंडमध्ये कॉरोनर ही व्यवस्थाच नाही, संशयास्पद मृत्यू प्रोक्युरेटर फिस्कल या सरकारी वकिलाकडे जातो. या चुका किरकोळ नाहीत. रहस्यकथेचा वाचक प्रत्येक तपशील पुरावा समजून वाचतो. एक तपशील खोटा निघाला की बाकीच्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

आता सिंधुदुर्ग. इथे एक गोष्ट मनात नीट बसवा: कॅसल म्हणजे एका मालकाचं घर, आणि आपला जलदुर्ग म्हणजे तटाच्या आतलं गाव. कॅसलमध्ये जेवणाचं एकच दालन असतं, मालक असतो, नोकर असतात, पाहुणे असतात, आणि संशयितांना एका टेबलाभोवती बसवता येतं. सिंधुदुर्गात असं दालन नाही. वाडे पडून गेले. उरले आहेत तट, बुरूज, देवळं, विहिरी, माड आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी थोडीशी घरं. तिथे आठ पाहुणे आणून बसवलेत तर ते पर्यटक वाटतील, आणि पर्यटक तर संध्याकाळी परत जातात. म्हणून नुसतं स्थळ बदलून भागणार नाही. माणसं बदलावी लागतील.

दुसरा एखादा जलदुर्ग का नको, तर जंजिऱ्यावर आता वस्ती नाही. खांदेरीवर दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे, पण घरं नाहीत. भयकथेला ती जागा चांगली, कोझीला नाही. कोझीला चुली लागतात. म्हणून सिंधुदुर्ग.

जे हाताशी आहे ते बघा. 25 नोव्हेंबर 1664 रोजी पायाभरणी, पुढची तीनेक वर्षं बांधकाम. मालवणसमोरचं कुरटे बेट, साधारण 48 एकर, भोवती तीनेक किलोमीटरचा नागमोडी तट. महाद्वार असं बांधलंय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, दोन बुरुजांच्या कुशीत ते लपलंय. आत शिवराजेश्वराचं देऊळ, छत्रपती राजारामांनी बांधलेलं. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव. राणीची वेळा नावाची तटाजवळची छोटीशी पुळण. समोर पद्मगड, जिथे ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं आणि भरतीला येत नाही. 1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, हे किती मालवणकरांना ठाऊक असेल? हे सगळं कथेत कोंबू नका. यातलं काय चोराच्या उपयोगाचं आहे आणि काय शोधणाऱ्याच्या, एवढंच निवडा. माझ्या मते महाद्वार, विहिरी आणि ओहोटीची वाट, या तीन गोष्टी पुरे.

पण कथेतल्या किल्ल्याला सिंधुदुर्ग हे नाव देऊ नका. हे मी फार कळकळीने सांगतेय. गडावर मोजकीच कुटुंबं राहतात. तिथे तुम्ही चोर दाखवलात तर वाचक हिशेब करणारच, आणि मालवणात तर तो पहिल्या दिवशीच होईल. सिंधुदुर्गाची हाडं घ्या, काल्पनिक बेट रचा, त्याला स्वतःचं नाव द्या, विहिरींना नवी नावं द्या, देऊळ एखाद्या गावदेवीचं करा.

मोबाइलचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. दहापैकी नऊ हस्तलिखितांत वादळ येतं आणि रेंज जाते. वाचकाला आता याचा कंटाळा आलाय. किल्ल्यावरून मालवण समोर दिसतं. होडीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. मग फोन चालू ठेवा ना! पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. समुद्र खवळला की उघडीप मिळेपर्यंत गडावरचा माणूस गडावर आणि किनाऱ्यावरचा किनाऱ्यावर. फौजदार जेट्टीवर छत्री धरून उभा आहे, गडावरून त्याच्या जीपचे दिवे दिसताहेत, तो फोनवर सगळ्यांशी बोलतोय, फोटो मागवतोय, दम देतोय, आणि मधल्या त्या एवढ्याशा पाण्यातून त्याला येता येत नाही. तुटलेल्या बेटापेक्षा हे दिसणारं पण हाती न येणारं बेट मला कितीतरी जास्त अस्वस्थ करतं. आणि एक फायदा: पोलीस कुठे गेले, असं वाचक विचारत नाही.

आता भरती-ओहोटी. कोकणातली जुनी माणसं घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगतात. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, मधे बाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण.

यावर एक खूण रचून दाखवते. चोरी आषाढी एकादशीच्या रात्री होते असं धरा. तिथी तुम्ही कुठेही सांगायची नाही. घरोघरी साबुदाण्याची खिचडी आहे, वऱ्याचे तांदूळ आहेत, कोणाकडे तरी टीव्हीवर पंढरपूर लागलंय, एवढं पुरे. एकादशी म्हणजे अकरा, तीनाने गुणून चाराने भागलं की सव्वाआठ. रात्री सव्वाआठच्या सुमाराला भरती, म्हणजे अडीचच्या आसपास पूर्ण ओहोटी. आता संशयित सांगतो, "दोन वाजता समुद्र जरा निवळलासा वाटला, म्हणून मी एकट्याने होडी लोटली, पण लाटा बघून पुन्हा बांधून ठेवली." कोणाला काही वावगं वाटत नाही. पण दोन वाजता पाणी उतरलेलं आहे. होडी वाळूत नाहीतर खडकांत बसलेली असणार. ती लोटायला तीन-चार माणसं लागतात. म्हणजे एक तर तो एकटा नव्हता, किंवा दोनची वेळ खोटी आहे. मराठी वाचकाने खिचडी वाचलेली असते. उत्तर त्याच्या ताटात होतं, तरी त्याला दिसलं नाही. वाचकाशी प्रामाणिक राहणं म्हणतात ते हेच. अर्थात छापण्याआधी त्या वर्षीच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. तिथीचा हिशेब अर्ध्यापाऊण तासाने मागेपुढे होतो.

ताडून घ्या असं का सांगतेय, तर माझ्या सुरुवातीच्या एका कथेत मी पौर्णिमेच्या संध्याकाळी पाच वाजता भरलेल्या समुद्रातून होडी नेली होती. अंक बाजारात आला आणि पंधरा दिवसांत देवबागच्या एका म्हाताऱ्या तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्याचं, पोस्टकार्ड आलं. त्याने कथेबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. पेन्सिलीने दोन वर्तुळं काढली होती, एकात चंद्र, एकात होडी, आणि खाली लिहिलं होतं, "बाय, ह्या टायमाक तुझी होडी खडपार बसली आसती." ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तेव्हापासून कथेला हात घालण्याआधी मी पंचांग उघडते.

एकादशी ते पौर्णिमा हा तुमच्या कथेचा नैसर्गिक काळ आहे. साधारण चार दिवस. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते आणि थोडी जास्त चढते. गुरुपौर्णिमेला उधाण शिगेला, तिथेच उलगडा, आणि त्यानंतरच्या पहिल्या उघडिपीला किनाऱ्यावरून होडी. वाढतं पाणी आणि वाढता संशय यांना वेगळं जुळवायची गरज उरत नाही.

गुन्हा कोणता? खून करायलाच हवा असं नाही. कोझीत खून चालतो, पण तो पडद्यामागे होतो, आणि ज्याचा होतो त्याच्यासाठी फारसं कोणी रडत नाही. ब्रिटिश गावातल्या कथांना ते जमतं. दहा-बारा घरांच्या बेटावर कोणीतरी मेलं आणि कोणी रडलं नाही, हे मला मालवणी मुलखात खरं वाटत नाही. तिथे बाराव्या दिवसापर्यंत घरात कोण काय करतं, कोण येतं, कोण मुद्दाम येत नाही, हे सगळं लिहावं लागेल, आणि कथेचा सूर जड होईल. म्हणून चोरी.

चोरी कशाची, तर मी असं रचेन. पडवीची भिंत पावसात ढासळते. घरधनी पाया खणताना तांब्याचं भांडं लागतं, आत शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी नाणी. सोन्याचे होन नकोत. ते आले की कथा खजिन्याची होते. शिवराईला पैशात मोल बेताचं, पण अडचण मात्र मोठी. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हाच मुळी गुन्हा. म्हणजे ज्याच्याकडे चोरी झाली तो तक्रारच करू शकत नाही! चोराला हे ठाऊक आहे. शेजाऱ्यांना अर्धवट ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या फौजदाराला काहीतरी घडलंय एवढंच कळलंय, पण काय ते कोणी सांगत नाही. यात रक्ताचा थेंब नाही आणि प्रत्येकाला लपवायला काहीतरी आहे.

हेतूसाठी लांब जाऊ नका. कोकणात सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात आणि त्यातली तीस मुंबईला. मे महिन्यात आलेला एखादा चाकरमानी होड्या बंद झाल्यामुळे गडावर अडकून पडू द्या. त्याचा हिस्सा आहे, पण घर नाही. चुलत्याच्या पडवीत झोपतो. भांडं सापडलं ती भिंत कोणाच्या हिश्शातली, हा वाद नाण्यांहून मोठा आहे. किल्ल्यातून समुद्राखालून भुयार जातं ही दंतकथा तुम्ही ऐकली असेलच. ते भुयार वापरू नका. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात एकाहून अधिक गुप्त वाटा नसाव्यात असा नियम आहे. मी तर म्हणेन, एकही नको. पण भुयाराची अफवा जरूर वापरा. ज्याला लोकांचं लक्ष खऱ्या जागेवरून, समजा विहिरीवरून, हटवायचंय तोच ती पुन्हा उकरून काढतो.

शोध घेणारं कोण, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या पानांत शोध घेणारा निवृत्त न्यायाधीश हुशार आहे, पण त्याला कोणी काही सांगणार नाही. त्याच्या जागी पर्यटकांना कोकम सरबत विकणारी बाई घ्या. आठ महिने ती महाद्वारापाशी बसते. कोण आलं, किती आले, कोण परत गेलं, हे ती ग्लासांवरून मोजते. पावसाळ्यात तिचा धंदा बंद असतो, तेव्हा ती घरोघरी हिंडते, कोणाला फोडणीला मोहरी हवी, कोणाला तापाची गोळी. आपल्याकडे कोझी मिस्टरीसाठी वेगळा शब्द शोधायची गरजच काय? मालवणीत 'गजाली' आहे. पडव्यांमधून बसून माणसं ज्या गजाली मारतात, त्यातच कोण कोणाशी बोलत नाही हे कळतं. तिने प्रश्न विचारायचे नाहीत. घावणे करता करता ऐकायचं. विहिरीवर रोज दोन घागरी नेणाऱ्या घरात आज चार गेल्या, म्हणजे घरात काहीतरी धुतलं गेलं किंवा कोणीतरी जास्तीचं आहे, हे तिला दिसतं. न्यायाधीशाला दिसणार नाही.

बोलीबद्दल एवढंच, की निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद मालवणीत. संवाद तोकडे असले की घाटावरच्या वाचकालाही अडत नाही. "काल रातीक तू खंय होतस रे?" याला तळटीप लागत नाही. ती बाई वडीलधाऱ्यांना 'काका', 'दादा' म्हणेल, पोरांना 'रे-गो' करेल. पण संशयिताला ती ज्या दिवशी 'अहो' म्हणायला लागते, त्या दिवशी वाचकाने चपापावं. एवढा एक बदल पानभर वर्णनाचं काम करतो.

उलगड्याच्या प्रसंगासाठी तुम्ही दिवाणखाना शोधताय. देऊळ आहे की. गावाचं गाऱ्हाणं तिथेच घालतात, "व्हय म्हाराजा" म्हणायला सगळे जमतात, कौल लावतात, म्हणजे मूर्तीवर पाकळ्या लावून कोणती पडते त्यावरून देवाचं उत्तर घेतात. पौर्णिमेच्या संध्याकाळी सगळ्यांना तिथे आणणं अगदी सहज आहे, निमंत्रण द्यावं लागत नाही. मात्र उत्तर देवाच्या कौलातून येऊ देऊ नका. ते वाचकाशी बेइमानी ठरेल. कौल लावण्याआधीच ती बाई उठून होडीबद्दल एक साधा प्रश्न विचारते, ती लोटायला तुझ्याबरोबर कोण होतं, आणि कोणीतरी दुसरंच माणूस खाली बघतं. मूर्तीवरची पाकळी शेवटपर्यंत पडतच नाही.

उरलेली पानं कमी लिहा. खुलासा लांबवू नका. भांडं मिळतं, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या हवाली होतं, घरधन्याला खणल्याबद्दल नोटीस येईल ती येईल. पण एक गोष्ट तुम्ही पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवलेली हवी. उधाण उतरतं, उघडीप मिळते, फौजदाराची होडी महाद्वाराला लागते. चोराला घेऊन ती परत निघताना त्याच्या शेजारी गडावरचं कोण जाऊन बसतं, आणि त्याच्यासाठी डबा कोणाच्या घरून येतो?